भाडेकरूची नोंद होते, मग भाड्याच्या घराची का नाही?

जून-जुलै महिना आला की आमच्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. नांदेड, परभणी, लातूर, बुलढाणा, वाशिमकडून पुण्या-मुंबईला शिकायला आलेली आपली मुले-मुली एकच गोष्ट विचारतात, "दादा, कुठे रूम मिळेल का?" जाहिरात पाहून ते फोन करतात. पहिल्यांदा आडनाव विचारले जाते. आडनावावरून कळले नाही तर गाव, मग "व्हेज की नॉनव्हेज", आणि शेवटी "कालच गेली हो रूम". दोन दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा दिसते.

अशा पाच-सहा नकारांनंतर जी जागा मिळते ती कशी असते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दोन खोल्यांत कॉट बेसिसवर दहा मुले, सगळ्यांना मिळून एक संडास, खिडकीला पक्के ग्रिल, जिन्यात मीटरच्या उघड्या वायरी. डिपॉझिट रोख घेतलेले, पावती नाही, करार नाही. तक्रार केली तर "नसेल पटत तर सोडा" असे उत्तर.

घर नाकारले जाणे आणि वाईट घर मिळणे या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या समजतो. एकीला जातीयता म्हणतो आणि दुसरीला गैरसोय. प्रत्यक्षात पहिलीतून दुसरी तयार होते. ज्याला चांगल्या इमारतीचे दार बंद आहे तो कुठल्याही अटीवर जागा घेणार, हे घरमालकाला आणि एजंटला ठाऊक असते. म्हणून या प्रश्नावर केवळ निषेध करून भागणार नाही. भाड्याच्या घरांचा धंदा नियमाखाली आणावा लागेल. त्यासाठी आपल्या शहरात भाड्याच्या घरांची नोंदणी, तपासणी आणि परवाना अशी मागणी का करायची, ती इतरत्र कशी मान्य झाली आणि आपण कुठून सुरुवात करायची, हे या लेखात मांडत आहोत.

आज नोंद कोणाची होते?

आज आपल्याकडे नोंद होते ती भाडेकरूची. अनेक शहरांत पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात की घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. त्यासाठी भाडेकरूचा फोटो, आधार कार्ड, मूळ गाव, ओळखीच्या माणसांचे नंबर, सगळे घेतले जाते. पण ज्या खोलीत तो राहणार ती राहण्यालायक आहे का, तिथे किती माणसे ठेवली आहेत, मालकाने आधीच्या भाडेकरूंची डिपॉझिट बुडवली आहेत का, याची नोंद कोणत्याही कार्यालयात नसते. संशय भाडेकरूवर आणि विश्वास मालकावर, असा हा सारा कारभार आहे.

दुसरी नोंद होते ती कराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि नोंदवलेला असणे सक्तीचे आहे. हे कलम प्रत्येक तरुणाने पाठ करून ठेवावे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केली की झाले" असे एजंट सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचे आहे. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो.

हा कायदा चांगला आहे, पण तो कागद तपासतो, खोली तपासत नाही. त्याच कायद्याचे कलम १४ जागा दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकते. मात्र आपली बहुतेक मुले आज लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. कायद्याच्या भाषेत ती भाडेकरू नसतात, मालकाच्या परवानगीने राहणारी माणसे असतात. 'लायसन्स' या शब्दाचा अर्थ इथे लक्षात घ्या. आज मालक राहणाऱ्याला लायसन्स देतो. आमची मागणी अशी आहे की शहराने मालकाला लायसन्स द्यावे.

ही मागणी जगावेगळी नाही. रस्त्यावरच्या वडापावच्या गाडीला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. लॉज चालवायला परवाने लागतात. रिक्षाला परमिट लागते आणि फिटनेसची तपासणीही होते. मग एका फ्लॅटमध्ये दहा-बारा मुले ठेवून महिन्याला भाडे गोळा करणाऱ्याला काहीच का लागू नये?

तीन शब्द, तीन वेगळी कामे

नोंदणी म्हणजे महापालिकेकडे यादी. कोणती जागा भाड्याने दिली जाते, मालक कोण, किती खोल्या, किती माणसे. यातून मालकाला एक क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक जाहिरातीत आणि पावतीवर छापणे बंधनकारक करता येते. यादीशिवाय पुढचे काहीच होत नाही, कारण जी जागा दप्तरात नाही तिथे अधिकारी जातच नाही.

तपासणी म्हणजे अधिकाऱ्याने ठरावीक काळाने स्वतः जाऊन जागा पाहणे. वायरिंग, संडास-बाथरूमची संख्या, पाणी, हवा-उजेड, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा रस्ता, इमारतीची मजबुती. तक्रार येण्याची वाट न पाहता तपासणी व्हायला हवी. नवीन शहरात एकटी आलेली मुलगी मालकाविरुद्ध लेखी तक्रार करणार नाही. तिला दुसऱ्या दिवशी बाहेर काढतील ही भीती असते. ज्यांच्या जागा सर्वांत वाईट, तेच सर्वांत कमी तक्रार करतात.

परवाना म्हणजे अटी. अटी पाळल्या तरच भाड्याने देण्याचा अधिकार. अट मोडली तर दंड, पुन्हा मोडली तर परवाना रद्द. दात या तिसऱ्या पायरीला आहेत. नुसती नोंदणी झाली तर ती आणखी एक फाईल ठरते.

इतर शहरांनी हे कसे मिळवले?

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९९ साली भाड्याच्या एका घराला आग लागली आणि दोन विद्यार्थी मेले. खिडक्यांना लोखंडी गज होते, त्यामुळे त्यांना बाहेर पडता आले नाही. त्या घटनेनंतर २००० साली स्कॉटलंडमध्ये अनेक जण मिळून राहतात अशा भाड्याच्या घरांना परवाना सक्तीचा झाला. पुढे २००६ पासून सर्व खासगी घरमालकांची नोंदणी सुरू झाली. ती यादी लोकांना पाहता येते. घर घेण्याआधी भाडेकरू मालकाची नोंदणी तपासू शकतो. आपल्याकडच्या कॉट बेसिसच्या खोल्यांना असलेली ग्रिले आठवा. आपल्याकडे कायदा होण्यासाठी आपल्या दोन मुलांचे जीव जाण्याची वाट पाहायची का?

इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने मोठ्या सामायिक घरांना परवाना आला. २०१८ पासून तो आणखी व्यापक झाला: एकाच कुटुंबातली नसलेली पाच किंवा अधिक माणसे संडास-स्वयंपाकघर वाटून राहत असतील तर परवाना हवाच. झोपण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रही ठरले, एका प्रौढ माणसाला ६.५१ चौरस मीटर म्हणजे सुमारे ७० चौरस फूट आणि दोघांना १०.२२ चौरस मीटर म्हणजे सुमारे ११० चौरस फूट. विनापरवाना घर चालवणाऱ्या मालकाकडून भरलेले भाडे परत मिळावे म्हणून भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. ही तरतूद फार महत्त्वाची आहे, कारण नियम मोडला तर भाडेकरूच्या हाती काहीतरी लागते. लंडनमधील न्यूहॅम या गरीब, स्थलांतरित वस्तीच्या भागाने २०१३ मध्ये जवळजवळ सर्वच खासगी भाड्याच्या घरांना परवाना लागू केला.

अमेरिकेत लॉस एंजेलिसने १९९८ मध्ये दोन किंवा अधिक घरे असलेल्या भाड्याच्या इमारतींची ठरावीक काळाने तपासणी सुरू केली. तोपर्यंत तिथेही तक्रार आली तरच अधिकारी जात असे.

कार्यकर्त्यांसाठी सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मात्र न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराची आहे. तिथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाला प्रश्न पडला की आपली मुले अभ्यासात इतकी मागे का पडतात. त्याने आरोग्य खात्याची माहिती तपासली तेव्हा कळले की शाळेतल्या सुमारे ४० टक्के मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त होते. शिसे जुन्या घरांच्या रंगातून येत होते आणि ही घरे बहुतेक भाड्याची होती. मग शिक्षक, डॉक्टर, पालक, वस्तीतल्या संघटना एकत्र आल्या. त्यांनी घरोघरची माहिती गोळा केली आणि नगर परिषदेपुढे वर्षानुवर्षे तगादा लावला. डिसेंबर २००५ मध्ये नियम मंजूर झाला आणि जुलै २००६ पासून लागू झाला. त्यांनी वेगळे खाते मागितले नाही. भाड्याच्या घरांची जी तपासणी शहरात आधीपासून होती, त्याच तपासणीत शिशाची तपासणी घालायला लावली. हे आपण नीट ध्यानात घ्यावे.

आपल्या देशातही वाट सुरू झाली आहे. तामिळनाडूने २०१४ मध्ये महिला व मुलांच्या वसतिगृहांसाठी कायदा केला आणि खासगी वसतिगृहांना परवाना आवश्यक केला. बंगळुरूच्या महापालिकेने २०२४ मध्ये पीजींसाठी नियम काढले. त्यांत प्रत्येक राहणाऱ्यासाठी किमान ७० चौरस फूट जागा, स्वच्छ संडास-बाथरूम, अग्निसुरक्षा आणि जिथे जेवण दिले जाते तिथे अन्न परवाना, अशा अटी आहेत. जे बंगळुरूची महापालिका करू शकते ते पुण्याची, नागपूरची, छत्रपती संभाजीनगरची किंवा ठाण्याची का करू शकत नाही, हा प्रश्न आपण आपल्या आयुक्तांना विचारला पाहिजे.

जातीच्या प्रश्नाला याचा काय उपयोग?

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवला आहे. तो आपल्याला माहीत आहे आणि दरवर्षी आपण तो सांगतो. पण २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसले: दलित आणि मुस्लिम घर शोधणाऱ्यांना अधिक नकार मिळतात, आणि मिळाले तर अधिक भाडे आणि अधिक जाचक अटींवर मिळते.

कायदा अगदीच नाही असे नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्याची जागा घेण्यास किंवा तिथे राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ सांगते की असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत झाले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरील, उलट सिद्ध होईपर्यंत. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा देशभर आहे, तेव्हा हे कलम आपल्यालाही लागू होते.

अडचण पुराव्याची आहे. "रूम गेली" असे फोनवर सांगणाऱ्या माणसाने जातीवरून नाकारले, हे पोलिसांपुढे मांडायला हातात काही नसते. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या घराचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा उपविधी मान्य केला. त्याच न्यायालयाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात कलम १५(२) मधील 'दुकाने' या शब्दाचा अर्थ व्यापक करून सेवा देणारेही त्यात घेतले. म्हणजे वाट पूर्ण बंद नाही, पूर्ण मोकळीही नाही.

परवाना इथे उपयोगी पडतो. भाड्याने घर देणे हा महापालिकेचा परवाना घेऊन चालवायचा व्यवसाय झाला की "माझे घर, मी कोणालाही देईन" हे उत्तर कमकुवत होते. परवान्याच्या अटींमध्ये पुढील गोष्टी घालण्याची मागणी करता येते: जाहिरातीत नोंदणी क्रमांक, भाडे आणि डिपॉझिट लिहावे. जात, धर्म यांवरून नकार देऊ नये. प्रत्येक रकमेची पावती द्यावी. जागा रिकामी आहे की नाही हे नोंदवहीत तारखेसह लिहावे. मग "कालच गेली" हे खरे की खोटे, हे तपासता येते. सिद्ध झाले तर फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालेपर्यंत थांबावे लागत नाही; परवान्यावरच कारवाई होऊ शकते.

यामुळे जातीयता संपेल असा आमचा दावा नाही. ज्याला टाळायचे आहे तो नवे बहाणे शोधेल. पण आज बहाणाही शोधावा लागत नाही. उद्या त्याला लेखी उत्तर द्यावे लागेल, एवढा फरक नक्की पडेल.

एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांच्या खिशाशी जोडलेली आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यांपैकी निवासासाठी २०,००० म्हणजे महिन्याला १,७०० रुपयांहूनही कमी. या पैशात कोणती जागा मिळते हे सांगायला नको. शिवाय बाहेर राहत असल्याचा पुरावा म्हणून भाड्याची कागदपत्रे मागितली जातात आणि मालक करार करून द्यायला तयार नसतो. सरकार घरभाडे देते, पण ज्या घरासाठी देते ते घर तपासत नाही, मालकाला करार करायला लावत नाही. हा मुद्दा समाजकल्याण खात्याकडेही मांडला पाहिजे.

नियम उलटू शकतो, म्हणून सावध

कोणतीही नोंदणी मागताना ती कोणाविरुद्ध वापरली जाईल हे आधी पाहावे. कॅलिफोर्नियातील हेस्पेरिया या शहराने २०१६ पासून 'गुन्हेमुक्त भाड्याची घरे' अशा नावाचा नियम लावला. घरमालकांनी नोंदणी करायची आणि भाडेकरूंची माहिती शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, खात्याला द्यायची. फटका बसला तो कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांना. त्यांना घराबाहेर काढले गेले. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१९ मध्ये दावा लावला आणि २०२२ च्या तडजोडीत शहराला तो नियम सोडावा लागला. नोंदणी हाच शब्द, पण काम नेमके उलटे.

म्हणून आपल्या मागणीत स्पष्ट लिहावे लागेल की ही नोंदणी घराची आणि मालकाची आहे. राहणाऱ्यांची नावे, जात, धर्म, मूळ गाव यांची यादी महापालिकेने करू नये. तपासणीत जागा अयोग्य ठरली तर राहणाऱ्यांना रातोरात बाहेर काढू नये. आधी मालकाला दुरुस्तीची मुदत, आणि जागा धोकादायकच असेल तर पर्यायी निवारा. तक्रार केल्यानंतर काही महिने त्या भाडेकरूला काढता येणार नाही, अशी अटही हवी.

दुसरा आक्षेप आपल्याच वस्तीतून येईल, आणि तो खरा आहे. आपल्यातही घरमालक आहेत. एखाद्या विधवा बाईने वरचा पोटमाळा भाड्याने दिलेला असतो आणि त्यावर तिचे घर चालते. तिला आणि पाच फ्लॅटमध्ये साठ कॉट टाकणाऱ्याला एकच फी आणि एकच फॉर्म लावला तर तो अन्याय होईल. म्हणून सुरुवात मोठ्यांपासून करावी: एकाच कुटुंबातील नसलेली पाचपेक्षा जास्त माणसे जिथे पैसे देऊन राहतात अशा जागा. एक-दोन खोल्या देणाऱ्यांसाठी मोफत नोंदणी आणि दुरुस्तीला मदत.

तिसरा आक्षेप: भाडे वाढेल. थोडे वाढू शकते. पण परवान्याची फी खाटेमागे वाटली तर ती किती पडते याचा हिशेब मागावा. एजंट घेतो त्या एका महिन्याच्या दलालीशी ती ताडून पाहावी. चौथा: इन्स्पेक्टर पैसे खाईल. यावर उपाय म्हणजे तपासणीचा अहवाल लोकांना पाहता यावा आणि तपासणीचा एकच छापील तक्ता असावा, जो राहणाराही स्वतः भरून पाहू शकेल.

आणि काहीच न करण्याची किंमत काय आहे? २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. २०२० मध्ये भिवंडीत जिलानी इमारत रात्री झोपेत असलेल्या माणसांवर कोसळली. ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करून घेण्याची तरतूद महापालिका कायद्यांत आहे. तरी अशा इमारतींत भाडेकरू ठेवणे सुरूच राहते, कारण भाड्याने देण्यापूर्वी तो दाखला कोणी मागत नाही. परवाना असता तर दाखल्याशिवाय भाडेकरू ठेवता आला नसता.

आपण काय करायचे?

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कामांची यादी दिली आहे. जमीन वापर व बांधकामाचे नियमन, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, अग्निशमन ही कामे त्यात आहेत. महापालिकेला उपविधी करता येतात. त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात आणि राज्य शासनाची मंजुरी लागते. म्हणून आपली लढाई महापालिकेतही आहे आणि मंत्रालयातही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचे ठेवले आहे, पण जातीवरून घर नाकारण्याविरुद्ध कलम नाही. राज्यात तसा कायदा करायचा विचार होईल तेव्हा हे कलम घालण्याची मागणी आपल्याकडूनच जावी लागेल.

सुरुवात मात्र छोटी करावी. आम्ही असा क्रम सुचवतो.

एक, एका प्रभागाची पाहणी. दहा तरुणांनी दोन रविवार काढावेत. प्रत्येक खोलीसाठी एक पान: किती चौरस फूट, किती माणसे, किती संडास, बाहेर पडायचे रस्ते किती, करार नोंदवला का, डिपॉझिटची पावती आहे का, किती ठिकाणी नकार मिळाला आणि काय कारण सांगितले. राहणाऱ्याचे नाव लिहू नये. फोटो काढायचा तर त्याला विचारून.

दोन, माहिती अधिकार. १० रुपये फी भरून महापालिकेला विचारा: या प्रभागात किती खासगी वसतिगृहे, पीजी आपल्या दप्तरी आहेत? त्यांपैकी किती जागांची अग्निसुरक्षा तपासणी झाली? ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपली पाहणी आणि त्यांचे उत्तर शेजारी ठेवले की निवेदनाचा अर्धा मजकूर तयार होतो.

तीन, विहारात करार नोंदणी मदत केंद्र. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते. आपल्यातले वकील आणि संगणक जाणणारी मुले महिन्यातून एक दिवस बसली तर शेकडो करार नोंदवता येतील. नवा कायदा यायचा तेव्हा येईल; कलम ५५ आजही आहे.

चार, सोबत इतरांना घ्या. स्पर्धा परीक्षेची मुले, ईशान्येकडून आलेल्या मुली, मुस्लिम विद्यार्थी, भटक्या-विमुक्त समाजातील तरुण, एकट्या राहणाऱ्या नोकरदार महिला, सगळ्यांना हाच अनुभव येतो. हा प्रश्न 'आपलाच' म्हणून मांडला तर एका समाजाची तक्रार ठरेल. भाडेकरूंचा म्हणून मांडला तर शहराला उत्तर द्यावे लागेल. मात्र जातीचे कलम कोणीही सौजन्यापोटी गाळायला सांगितले तर गाळू नका.

पाच, नगरसेवकाकडे घोषणा घेऊन न जाता मसुदा घेऊन जा. दोन पानांचा उपविधी: पाचपेक्षा जास्त माणसांच्या जागांना परवाना, माणशी किमान ७० चौरस फूट, ठरावीक तपासणी, लोकांना दिसणारी यादी, भेदभाव केल्यास परवाना रद्द, भाडेकरूला काढण्यापासून संरक्षण. प्रभाग समितीत विषय घ्यायला लावा, ठराव मागा, ठरावाची प्रत घ्या. निवडणूक आली की प्रत्येक उमेदवाराची त्या दोन पानांवर सही मागा.

रॉचेस्टरच्या लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्यालाही लागेल. आज जी मुले कॉट शोधत फिरत आहेत त्यांना कदाचित याचा फायदा मिळणार नाही, त्यांच्या धाकट्या भावंडांना मिळेल. म्हणून पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. विहारात जमलेल्यांपैकी किती जण भाड्याने राहतात ते मोजा आणि किती जणांकडे नोंदवलेला करार आहे ते विचारा. हात किती वर होतात ते पाहिल्यावर पाहणीला कोण येणार, हे वेगळे विचारावे लागणार नाही.